नऊ डिसेंबरची 'खुकरी'

स्मरणिकेत नौदलावर काहीतरी लिही, असा समितीचा हुकूम आला तेव्हा विषय निवडायला फार वेळ लागला नाही. सोपा विषय होता ४ डिसेंबरचा. त्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराची पेटवली आणि तोच दिवस आज नौदल दिन म्हणून साजरा होतो. पण विजयाची गोष्ट सांगायला माणसे पुष्कळ मिळतात. मी त्यानंतर पाचच दिवसांनी घडलेल्या घटनेबद्दल लिहिणार आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री 'खुकरी' ही आपली युद्धनौका दीवजवळच्या समुद्रात बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्यासोबत गेले.

यामागे आणखी एक कारण आहे. आपल्या बॅचच्या ग्रुपवर दरवर्षी ९ डिसेंबरला एक मजकूर न चुकता येतो. बुडते जहाज, ब्रिजवरच्या खुर्चीत शांतपणे सिगारेट ओढत बसलेला कॅप्टन, आणि खाली 'खरा देशभक्त असाल तर पुढे पाठवा'. मग पन्नास हात जोडलेली चित्रे. दोन वर्षांपूर्वी आपल्यापैकीच एकाने खाली विचारले होते, "पण मग पाणबुडी शोधायला गेलेले जहाज पाणबुडीलाच कसे सापडले?" प्रश्न अगदी बरोबर होता. त्याला उत्तर मिळाले नाही, उलट दोघातिघांनी त्याला 'अशा दिवशी असे विचारू नये' म्हणून गप्प केले. माझ्या मते अशाच दिवशी ते विचारायला हवे. सतरा वर्षे नौदलाच्या इलेक्ट्रिकल शाखेत काढली, जहाजांवरच्या यंत्रांच्या तारा जोडण्यात हात काळे केले, तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर देणे माझ्याकडेच लागते.

आधी काळ आठवू या. आपण अकरावीत होतो. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्ध सुरू झाले. शाळेच्या खिडक्यांच्या काचांना काळा कागद, सायकलच्या दिव्याला अर्धा काळा रंग, संध्याकाळनंतर किनाऱ्यावर फिरायला बंदी. रेडिओवरच्या बातम्या संपेपर्यंत घरात कुणी जेवायला बसत नसे. भूगोलाच्या सरांनी नकाशावर खडूने कराचीभोवती गोल केला होता, तो कितीतरी दिवस कुणी पुसला नाही. समुद्र आपल्या दाराशी होता, पण त्या समुद्रात नेमके काय चालले आहे याची आपल्याला काडीची कल्पना नव्हती.

'खुकरी' हे जहाज ब्रिटनमध्ये काउज येथे बांधलेले. १९५६ मध्ये त्याचे जलावतरण झाले आणि १९५८ मध्ये ते भारतीय नौदलात दाखल झाले. 'किरपाण' आणि 'कुठार' या तिच्या दोन बहिणी. तिघी मिळून चौदावे फ्रिगेट स्क्वाड्रन. ब्रिटिशांनी या जातीची जहाजे पन्नासच्या दशकात मुद्दाम स्वस्तात आणि लहान बांधली होती. काम एकच, पाणबुडी शोधून मारणे. म्हणून त्यांच्यावर मोठ्या तोफा नव्हत्या, फक्त ४० मिलिमीटरच्या बोफर्स. प्रोपेलर एकच. पाणबुडीविरोधी मुख्य हत्यार म्हणजे लिंबो नावाची तीन नळ्यांची तोफ. तिच्यातून सुटलेले बॉम्ब ठराविक खोलीवर जाऊन फुटत. तिचा पल्ला साधारण ९०० मीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

समोर होती 'हंगोर'. पाकिस्तानने फ्रान्सकडून घेतलेल्या डाफने जातीच्या तीन पाणबुड्यांपैकी ती एक. त्यांच्या ताफ्यात त्या नुकत्याच आलेल्या, म्हणजे अगदी कोऱ्या करकरीत. आकाराने लहान, पाण्याखाली अतिशय शांत, ऐकण्याची यंत्रणा त्या काळातली उत्तम. पुढे आठ आणि मागे चार अशा बारा टॉर्पेडो नळ्या. तिचे कमांडर होते अहमद तस्नीम. पुढे ते व्हाइस अ‍ॅडमिरल होऊन निवृत्त झाले. त्या मोहिमेबद्दल ते मोकळेपणाने बोलले आणि त्यांनी लिहिलेही, म्हणून समोरच्या बाजूचे आपल्याला इतके कळते. शत्रूने सांगितलेले खरे कशावरून, असे कुणी म्हणेल. पण आपल्या नोंदी आणि त्यांचे निवेदन शेजारी ठेवून वाचले तर मुख्य गोष्टी जुळतात.

'हंगोर' नोव्हेंबरमध्येच कराचीहून निघून मुंबईच्या बाहेर येऊन बसली होती. २ डिसेंबरच्या रात्री आपला पश्चिमी ताफा मुंबईतून बाहेर पडला. 'मैसूर' ही क्रूझर त्याची ध्वजनौका. हा सगळा ताफा 'हंगोर'च्या जवळून, जवळजवळ डोक्यावरून गेला. युद्ध अजून जाहीर झालेले नव्हते, त्यामुळे तिला टॉर्पेडो सोडण्याची परवानगी नव्हती. चोवीस तासांचा फरक पडला असता तर १९७१ च्या युद्धाचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता. नौदलातली जुनी माणसे हा विषय निघाला की अजूनही क्षणभर थांबतात.

नंतर 'हंगोर'ची वातानुकूलन यंत्रणा बिघडली. बाहेरच्या माणसाला वाटेल, त्यात काय, थोडे उकडेल. तसे नाही. बंद लोखंडी नळीत बॅटऱ्या, इंजिने आणि माणसे, त्यात आपला उष्ण समुद्र. यंत्रे तापली की एकेक निकामी होत जाते. दुरुस्तीसाठी तिला पृष्ठभागावर यावे लागले आणि ती दिवे लावून मासेमारी नौकेचे सोंग घेऊन थांबली. आपल्या गावच्या तांडेलांना हे सांगितले तेव्हा एक जण म्हणाला, "म्हणजे आमच्यातच बसली होती म्हणायची!" तसेच म्हणायचे. गुजरात-मुंबईच्या किनाऱ्यावर रात्री शेकडो दिवे लुकलुकत असतात. त्यातला कोणता दिवा कुणाचा, हे ओळखणार कोण?

४ डिसेंबरच्या रात्री 'निर्घात', 'निपात' आणि 'वीर' या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला आणि 'खैबर' ही विनाशिका व 'मुहाफिज' ही सुरुंगशोधक नौका बुडवली. ८ तारखेच्या रात्री 'विनाश'ने दुसरा हल्ला केला आणि किमाडीच्या तेलटाक्या पेटवल्या. या नौका छोट्या, कमी पल्ल्याच्या. त्यांची ये-जा सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळून, ओखा-दीवच्या बाजूने. नेमक्या याच पट्ट्यात एका पाणबुडीने पाठवलेला बिनतारी संदेश आपल्या किनाऱ्यावरील केंद्रांनी पकडला आणि दिशा मोजून तिचे ठिकाण काढले. ते दीवच्या नैर्ऋत्येला होते. आपल्या नौकांच्या वाटेवर शत्रूची पाणबुडी बसलेली, तिला तशीच सोडून देणे शक्य नव्हते. तिला हुसकायला पाणबुडीविरोधी जहाजे म्हणून चौदाव्या स्क्वाड्रनला पाठवायचे ठरले. 'कुठार' बॉयलरच्या बिघाडामुळे बाद होती. ८ डिसेंबरला 'खुकरी' आणि 'किरपाण' दोघीच मुंबईहून निघाल्या. स्क्वाड्रनचे प्रमुख आणि 'खुकरी'चे कॅप्टन होते महेंद्रनाथ मुल्ला. वय ४५, जन्म गोरखपूरचा.

आता त्या प्रश्नाकडे. शोधायला गेलेले जहाज स्वतःच कसे सापडले?

पाण्याखाली डोळ्यांचा उपयोग नाही आणि रडारचाही नाही. उपयोग फक्त कानांचा. जहाजाच्या तळाशी असलेला सोनार पाण्यात आवाजाचा ठोका सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकतो. सरळ वाटणारी ही गोष्ट समुद्रात सरळ राहत नाही. वरचे पाणी गरम, खालचे थंड. एका थरातून दुसऱ्यात जाताना आवाज वाकतो. आपल्याला प्रकाशाचे वक्रीभवन शिकवताना सरांनी ग्लासातली वाकडी दिसणारी पेन्सिल दाखवली होती, तेच आवाजाचे होते. वरून सोडलेला ठोका वाकून भलतीकडेच जातो आणि त्या थराच्या खाली पाणबुडी निवांत बसू शकते. आपला अरबी समुद्र या बाबतीत पाणबुडीचा सख्खा मित्र आहे. 'खुकरी'चा सोनार जुना, त्याची नजर जेमतेम दीड-दोन किलोमीटरची, तीही पाणी अनुकूल असेल तर. हत्यार ९०० मीटरचे. पाणबुडी मात्र या जहाजांचे आवाज कितीतरी दुरून ऐकू शकत होती आणि तिचा टॉर्पेडो कितीतरी दुरून सुटू शकत होता. मोकळ्या मैदानात एकाच्या हाती काठी आणि दुसऱ्याच्या हाती बंदूक, त्यातून बंदूकवाल्याला अंधारात दिसते, असा हा सामना.

त्यात वेगाचा पेच. जहाज जोरात गेले की स्वतःच्याच पाण्याचा आणि प्रोपेलरचा आवाज इतका होतो की सोनारला बाहेरचे काही ऐकू येत नाही. हळू गेले तर ऐकू येते, पण हळू जाणारे जहाज पाणबुडीला आयते सापडते. डाफने जातीची पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते. जोरात धावली तर बॅटरी काही तासांत संपते. म्हणजे जहाज वेगात आणि नागमोडी चालत राहिले तर ती त्याला गाठू शकत नाही. शोधायचे असेल तर हळू, वाचायचे असेल तर वेगात. पाणबुडीविरोधी युद्धाची सगळी डोकेदुखी या एका वाक्यात आहे. जगातल्या कुठल्याच नौदलाला ती चुकलेली नाही.

'खुकरी'वर त्या दिवशी लेफ्टनंट व्ही. के. जैन नावाचे एक तरुण इलेक्ट्रिकल अधिकारी होते. सोनारचा पल्ला वाढावा म्हणून त्यांनी एक जोडयंत्रणा तयार केली होती आणि तिची चाचणी या मोहिमेत चालू होती. त्या चाचणीला कमी वेग लागत होता. ९ डिसेंबरच्या संध्याकाळी 'खुकरी' १२ नॉटच्या आसपास वेगाने आणि नागमोडी वळणे न घेता चालली होती, असे नौदलाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. लेफ्टनंट जैनही परत आले नाहीत.

माझ्या शाखेच्या माणसांत हा विषय निघाला की दोन तट पडतात. एक तट म्हणतो, युद्धात, पाणबुडी जवळपास आहे हे माहीत असताना, चाचण्या करायच्या नसतात. प्रयोगशाळा वेगळी, रणांगण वेगळे. दुसरा तट म्हणतो, बाबांनो, तो मुलगा करत काय होता? काठीवाल्याच्या हाती निदान लांब काठी द्यायचा प्रयत्न करत होता. त्या यंत्रणेशिवाय 'खुकरी' वेगात गेली असती तर कदाचित वाचली असती, पण पाणबुडीही सापडली नसती आणि मग पाठवले कशाला? मी दुसऱ्या तटात आहे. वेग कमी ठेवण्याचा निर्णय धोक्याचा होता यात शंका नाही, पण तो बेफिकिरीचा नव्हता. ज्या कॅप्टनला शोधायला पाठवले आहे, त्याला ऐकू येण्याची सोय करावीच लागते.

'हंगोर'ने ही जहाजे आधीच ऐकली होती. सुरुवातीला ती त्यांना गाठू शकली नाही, कारण ती तिच्यापेक्षा वेगात होती. मग तस्नीम यांच्या लक्षात आले की जहाजे एका ठराविक चौकोनी आखणीने शोध घेत आहेत. पाठलाग सोडून पुढच्या वळणावर जाऊन थांबले तर ती आपोआप समोर येतील. नदीच्या वळणावर जाळे लावून बसतात तसे. ९ तारखेच्या संध्याकाळपर्यंत ती जागेवर येऊन बसली. अंधार पडला होता, जहाजांवर दिवे नव्हते, पेरिस्कोपमधून काही दिसेना. म्हणून ती आणखी खाली गेली आणि केवळ आवाजावर नेम धरला.

पहिला टॉर्पेडो 'किरपाण'वर सोडला. तो तिच्या तळाखालून गेला आणि फुटलाच नाही. दुसरा 'खुकरी'वर. रात्रीचे ८ वाजून ५० मिनिटे ही वेळ मुल्ला यांच्या महावीर चक्राच्या प्रशस्तिपत्रात नमूद आहे. स्फोटानंतर जहाज काही मिनिटांतच खाली गेले. तिसरा टॉर्पेडो पुन्हा 'किरपाण'च्या रोखाने सुटला. ती त्यातून निसटली आणि तिथून दूर गेली.

काही मिनिटे म्हणजे किती? लिहिताना सोपे वाटते. जहाजावरचे लोक हे वाचून काय समजतात ते सांगतो. त्या रात्री जहाजावर अडीचशेहून जास्त माणसे होती. दिवे गेले, जहाज कलले. खालच्या मजल्यांतून वर यायला अरुंद लोखंडी शिड्या आणि झाकणाची तोंडे, एका वेळी एकच माणूस मावेल अशी. इंजिनरूम आणि बॉयलररूम सर्वांत खाली. तिथे ज्यांची पाळी होती, ज्यांची पाळी नुकतीच संपून जे आडवे झाले होते, त्यांच्यापुढे निवड करायला काही नव्हतेच. निवड होती ती ब्रिजवर असलेल्यांपुढे, म्हणजे सर्वांत वरच्या आणि पाण्यात उडी मारायला सर्वांत सोयीच्या जागी.

म्हणूनच मुल्ला यांची गोष्ट खरी मोठी आहे, सिगारेटमुळे नव्हे. प्रशस्तिपत्र सांगते की जहाज सोडण्याचा हुकूम दिल्यावर त्यांनी शांतपणे माणसांना बाहेर काढण्याची व्यवस्था पाहिली, स्वतःचे लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिले, आणि शक्य तितकी माणसे उतरल्यावर ते पुन्हा ब्रिजवर गेले. वाचलेल्या अधिकाऱ्यांनी त्यांना शेवटचे तिथेच पाहिले. कॅप्टनने जहाजाबरोबर बुडावे असा नौदलात कुठलाही नियम नाही. तसा समज चित्रपटांनी पसरवला आहे. नौदलातच काही जण म्हणतात की इतक्या अनुभवी अधिकाऱ्याने वाचायला हवे होते, पुढच्या युद्धाला तो कामी आला असता. हिशेब म्हणून ते चूक नाही. पण खाली दीडशेहून जास्त माणसे अडकलेली आहेत, ती आपल्या हुकमाने इथे आलेली आहेत, हे ज्याला माहीत आहे त्याने त्या दोन-चार मिनिटांत काय करावे, हे किनाऱ्यावर बसून चहा पिता पिता ठरवू नये असे मला वाटते.

जे वाचले ते रात्रभर समुद्रात होते. ६ अधिकारी आणि ६१ नौसैनिक. दुसऱ्या दिवशी 'कच्छल' आणि 'किरपाण' यांनी त्यांना उचलले. 'किरपाण' लगेच का थांबली नाही, हा आणखी एक कडू वाद. पाण्यात माणसे ओरडत असताना सोबतचे जहाज निघून जाते, हे ऐकायलाच नको वाटते. पण पाणबुडी तिथेच होती, तिच्याकडे आणखी टॉर्पेडो होते, आणि माणसे उचलायला थांबलेले जहाज म्हणजे न हलणारे लक्ष्य. दुसरे महायुद्ध पाहिलेल्या सर्व नौदलांनी हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकला होता. 'किरपाण'च्या माणसांनी ती रात्र आयुष्यभर ओझ्यासारखी वाहिली असणार. त्यांना भित्रे म्हणणाऱ्यांनी एकदा तरी अशा रात्री डेकवर उभे राहून पाहावे.

नंतर चार दिवस आपली जहाजे आणि विमाने 'हंगोर'च्या मागे होती. बॉम्बांचा अक्षरशः पाऊस पाडला. ती सापडली नाही. पाणी तेच, थर तेच, ती कराचीला सुखरूप पोचली. या शोधमोहिमेत जहाजे गुंतल्यामुळे कराचीवरचा आखलेला तिसरा हल्ला रद्द झाला. म्हणजे एका पाणबुडीने एक जहाज तर बुडवलेच, शिवाय एक हल्लाही टाळला. तस्नीम यांना सितारा-ए-जुर्रत हा सन्मान मिळाला आणि पाकिस्तानचे नौदल ९ डिसेंबर हा 'हंगोर दिन' म्हणून पाळते. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धात जहाज बुडवण्याची जगातली ही पहिली घटना. दुसरी घडली १९८२ मध्ये, फॉकलंडच्या युद्धात, जेव्हा ब्रिटिशांच्या 'कॉन्करर'ने अर्जेंटिनाची 'जनरल बेलग्रानो' बुडवली. स्वतंत्र भारताच्या नौदलाने युद्धात गमावलेले जहाज हे एकच.

मी १९७२ मध्ये विशाखापट्टणमला 'सरकार्स' तळावर प्रशिक्षणाला गेलो तेव्हा या गोष्टीला वर्षही झाले नव्हते. तिथे सगळीकडे बोलबाला होता 'गाझी'चा. ही पाकिस्तानी पाणबुडी ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास त्याच बंदराच्या तोंडाशी बुडाली होती. 'खुकरी'चे नाव वर्गात फारसे निघत नसे. पुढे जामनगरला 'वलसुरा'त विद्युत शाखेचे शिक्षण घेताना मात्र सोनारच्या तासाला ते निघाले आणि शिकवणाऱ्या चीफनी खडू खाली ठेवला. चाळीस पोरांच्या वर्गात बराच वेळ पंख्याचाच आवाज होता. मग ते म्हणाले, "लिख लो," आणि थरांची आकृती काढायला लागले. विजयातून शिकता येते ते फार थोडे. आमच्या पिढीला पाण्याच्या तापमानाचे कोष्टक पाठ झाले ते 'खुकरी'मुळे.

पुढच्या काळात नौदलाने जे केले त्यात त्या रात्रीचा मोठा हात होता. पाणबुडी शोधायला लहान जुन्या जहाजांवर विसंबायचे नाही, वरून हेलिकॉप्टरने शोधायचे, हा विचार पक्का झाला. सीकिंग हेलिकॉप्टर सोनार दोरीने पाण्यात सोडून, थराच्या खाली नेऊन ऐकू शकते, आणि पाणबुडी त्याला टॉर्पेडो मारू शकत नाही. ही हेलिकॉप्टरे १९७१ मध्येच आपल्याकडे यायला लागली होती, पण हाताळणारे हात अजून नवीन होते. दोनचार वर्षे आधी आली असती तर, असे म्हणण्यात अर्थ नाही, तरी प्रत्येक जण म्हणतोच.

युद्धाच्या वेळी पश्चिम विभागाचे प्रमुख असलेले कोहली आणि ताफ्याच्या नियोजनात असलेले हिरानंदानी या दोघांनीही पुढे पुस्तके लिहिली. नौदलाच्या अधिकृत इतिहासात हिरानंदानींनी 'खुकरी'चे प्रकरण झाकून ठेवले नाही, वेगाचा मुद्दाही त्यात आहे. मेजर जनरल इयन कार्डोझो यांनी तर वाचलेल्यांच्या आठवणींचेच पुस्तक २००६ मध्ये केले. हे स्वतः सैन्यातले, १९७१ च्या युद्धात पाय गमावलेले. म्हणजे ज्यांनी युद्ध पाहिले त्यांना प्रश्न विचारायची भीती वाटली नाही. भीती वाटते ती आपल्याला, ग्रुपवर.

त्या ग्रुपवरच्या मजकुरावर माझा आक्षेप नेमका कशाला आहे, तेही सांगून टाकतो. त्यात एकच माणूस आहे. त्या जहाजावर स्टोकर होते, स्वयंपाकी होते, टोपास होते, रेडिओवाले होते, माझ्यासारखे तारा जोडणारे होते. बहुतेक विशी-पंचविशीतले. आपल्यापेक्षा चार-सहा वर्षांनी मोठे. त्यांच्या घरी तारा गेल्या. समुद्रात गेलेल्याचा देह मिळत नाही, म्हणून कितीतरी आया वर्षानुवर्षे वाट पाहत राहतात. हे आपल्या किनाऱ्यावर कुणाला वेगळे सांगायला नको. १९४७ मध्ये 'रामदास' बोट बुडाली तेव्हापासून आपल्या भागातल्या घरांना ते ठाऊक आहे. एका शूर कॅप्टनची गोष्ट सांगताना १९३ जण त्याच्या मागचा पडदा होऊन जातात. स्वतः मुल्ला यांनाही ते रुचले नसते, इतके त्यांच्या शेवटच्या वागण्यावरून म्हणता येते.

नौदलात जहाजाचे नाव मरत नाही. नवी 'खुकरी' मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधली गेली आणि २३ ऑगस्ट १९८९ रोजी नौदलात आली. देशात बांधलेली ती पहिली क्षेपणास्त्र कॉर्व्हेट. तेव्हा मी नोकरीच्या शेवटच्या महिन्यांत मुंबईतच होतो. धक्क्यावर जुन्या लोकांत एक वेगळीच शांतता होती. ३२ वर्षे काम करून तीही २३ डिसेंबर २०२१ रोजी विशाखापट्टणमला निवृत्त झाली आणि २०२२ च्या जानेवारीत तिला स्मारक-संग्रहालयासाठी दीव प्रशासनाकडे सोपवण्यात आले. 'हंगोर' कराचीच्या सागरी संग्रहालयात उभी आहे. दोन्ही बाजूंची शाळकरी मुले आता आपापल्या देशात जहाजात चढून फोटो काढतात.

दीव बेटावर चक्रतीर्थ किनाऱ्याजवळच्या टेकडीवर जुन्या 'खुकरी'चे स्मारक आहे. काचेच्या घरात जहाजाची छोटी प्रतिकृती, समोर सरळ तोच समुद्र. जहाज बुडाले ती जागा तिथून सुमारे ४० सागरी मैलांवर, म्हणजे अर्थातच दिसत नाही.

पुढच्या वर्षीच्या सहलीसाठी समितीकडे महाबळेश्वर आणि दीव अशी दोन नावे आहेत. दीव ठरले तर वेरावळपर्यंत रेल्वे आहे, तिथून गाडीने उना मार्गे साधारण ९० किलोमीटर. पावसाळ्यानंतर जावे, तेव्हा समुद्र निवळलेला असतो. संध्याकाळी चक्रतीर्थावर गर्दी होते, म्हणून सकाळी जाऊ. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी नावे देताना तसे कळवावे, गाडी स्मारकाच्या अगदी जवळ नेता येते.